एकच पार्ट बाकी शे!

जिभाऊंची सायकल गेली कित्येक वर्षं येत्या आखाजीला रस्त्यावर येणार आहे. आखाजीला नाही जमलं तर कानबाईला नक्की. कानबाईला पावसामुळे रंग वाळत नाही, म्हणून पोळा. पोळ्याला नेमके धुळ्याहून पाहुणे टपकतात, म्हणून दसरा. दसऱ्याला मात्र तिची पूजा होते. मागच्या अंगणात दोन विटांवर टेकवलेली फ्रेम, एक चाक जागेवर, दुसरं भिंतीला, हँडल कपाटात आणि पायडल बिस्किटांच्या डब्यात, अशा स्थितीत तिला झेंडूचा हार पडतो, हळदकुंकू लागतं, आणि जिभाऊ प्रसाद वाटता वाटता सगळ्यांना सांगतात, "झालीच आता. एकच पार्ट बाकी शे, भो!"

हा एकच पार्ट दर वेळी वेगळा असतो. मी विचारलं तेव्हा पुढच्या ब्रेकची दांडी होता. त्याआधी चेनकेसचं झाकण. मध्यंतरी डायनॅमोच्या दिव्याची काच होता, आणि ती मिळाल्याच्या आनंदात जिभाऊंनी काच ठेवलेल्या पिशवीवरच बैठक मारल्यामुळे पुन्हा काचच झाला.

जिभाऊ मूळचे साक्री तालुक्यातले. भावंडांत थोरले म्हणून जिभाऊ. पुढे नोकरीला जळगावात आले, पिंप्राळ्याकडे घर बांधलं, आणि आता दूधवाल्यापासून नातवापर्यंत सगळ्यांचेच जिभाऊ झालेत. सरकारी कचेरीत हिशेब खात्यात होते. ज्या माणसाने अख्ख्या नोकरीत पेनाच्या टोपणाशिवाय दुसरं काही उघडलं नाही, तो निवृत्तीनंतर एकदम सायकलीची फ्रीव्हील उघडायला बसला. कचेरीची सवय मात्र सुटलेली नाही. सायकलीचं एक रजिस्टर आहे. लाल पुठ्ठ्याचं, शिलाईचं. त्यात रकाने: अनुक्रमांक, भागाचे नाव, कोठून प्राप्त, ओरिजनल की डुप्लिकेट, शेरा. मी एकदा चाळलं. 'पुढील मडगार्ड: तत्त्वतः मंजूर.' 'घंटी: प्राप्त, आवाज अप्राप्त.' 'चेनकेसचे झाकण: पाठपुरावा सुरू आहे.'

बोलणं साधारण कचेरीच्या मराठीत. एखादा पार्ट हाती लागला किंवा हातातून निसटला की थेट अहिराणीत उतरतात.

सायकल रॅलेची आहे. इथे सेन-रॅले म्हणून चालत नाही. आसनसोलची सेन-रॅले वेगळी आणि नॉटिंगहॅमची रॅले वेगळी, हा भेद जिभाऊंच्या अंगणात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी शिकावा लागतो. नॉटिंगहॅममध्ये रॅले नावाचा रस्ता होता, त्या रस्त्यावर १८८७ च्या सुमारास कारखाना निघाला, मग फ्रँक बोडेन नावाच्या गृहस्थाने तो घेऊन वाढवला, आणि त्याच्या घराण्याच्या चिन्हातला बगळा सायकलीवर आला. चेनव्हीलमध्ये सुद्धा बगळ्यांची तीन मुंडकी कापलेली. जिभाऊ त्या मुंडक्यांवरून बोट फिरवतात तेव्हा समोरच्याने गप्प राहायचं असतं. मी एकदा म्हणालो, "जिभाऊ, वाघुर धरणावर असले पुष्कळ दिसतात." त्यानंतर दोनदा मला बिनसाखरेचा चहा आला. वहिनी म्हणाल्या, चुकून.

मुंबईची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारने १९८० साली एकाच कायद्याने ताब्यात घेतल्या, हे जिभाऊंचं दुखणं आहे. "सरकारने हात लावला आणि संपलं सगळं," असं ते ठणकावून सांगतात, आणि लगेच दर महिन्याच्या पेन्शनचा मेसेज आला का, म्हणून मोबाइल बघतात.

आता ही सायकल कोणाची? तर ते ऐकणारा कोण आहे त्यावर ठरतं. शाळामास्तर बसले असतील तर ती एका मास्तरांची होती आणि ते तिच्यावरून रोज नदी ओलांडून शाळेत जात. भुसावळचा रेल्वेवाला असेल तर ती एका अँग्लो-इंडियन गार्डाची होती. साहेब विलायतेला जाताना डोळ्यांत पाणी आणून विकून गेला. एकदा खादीतले एक वयस्कर गृहस्थ आले होते. त्या दिवशी ही सायकल फैजपूरच्या काँग्रेसला गेलेली निघाली. फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ चं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, हे सगळं बरोबर. पण मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हब आहे, आणि त्या हबच्या नळीवर कारखान्याने साल ठोकलेलं असतं. तिथे स्पष्ट '५१' आहे. मी पाहुण्यांसमोर काही बोललो नाही. ते गेल्यावर हळूच विचारलं. जिभाऊंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हब मागून बदललं असेल."

म्हणजे रजिस्टरच्या दृष्टीने हब ओरिजनल, आणि फैजपूरच्या दृष्टीने बदललेलं.

ओरिजनल हा त्यांचा जपाचा शब्द. रस्त्यात कोणाचीही जुनी काळी सायकल भिंतीला टेकलेली दिसली की जिभाऊ थांबतात. आधी मालकाला रामराम नाही; आधी तारांवरून नख फिरवायचं, टिंग टिंग टिंग. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, हे मोजून खात्री करून घ्यायची. मग खाली वाकून क्रँकखाली बघायचं. मग उभं राहून कमरेवर हात ठेवून, "ओरिजनल शे का?" ज्याला विचारलं तो बहुधा केळीच्या बागेतून दमून आलेला असतो. त्याला वाटतं हा माणूस चोरीच्या सायकलींचा तपास करतोय.

आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरी दारावर जायची रीत आहे. बायाबापड्या बसतात, गेलेल्याचं चांगलंचुंगलं बोलतात, डोळे पुसतात, उठतात. एरंडोलकडच्या एका गावी असेच आम्ही दारावर गेलो होतो. मंडळी ओट्यावर खाली मान घालून बसलेली. जिभाऊंचीही मान खाली होती, पण तिरकी. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं तर गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे, एक आख्खा चेनकेस खिळ्याला टांगलेला. त्यात कोंबडीने घर केलं होतं. त्यानंतर गेलेल्या म्हाताऱ्याबद्दल जिभाऊंनी इतक्या आपुलकीने चौकशी केली की घरच्यांना भरून आलं. आबा सायकल वापरत का? कोणती? कोणत्या साली घेतली? थोरल्या मुलाने हुंदका आवरत सांगितलं की आबांचा त्या सायकलीवर फार जीव होता.

परतीच्या वाटेवर मी त्यांना बोल बोल बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. दशक्रिया होईपर्यंत कळ काढली, तेराव्याला टॉवेल-टोपी घेऊन पुन्हा गेले आणि चेनकेस घेऊन आले. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. तो थोरला मुलगा आता दर दोन-तीन महिन्यांनी जळगावला बाजाराला आला की जिभाऊंकडे येतो, वांग्यांची पिशवी ठेवतो, चेनकेसजवळ जरा वेळ बसतो आणि जातो. वहिनी त्या वांग्यांचं भरीत करतात. चेनकेसमुळे या घराला झालेला आजवरचा तेवढाच नफा, असं त्या म्हणतात.

वहिनींचं म्हणणं एवढंच असतं की घरातल्या वस्तू घरातल्या कामाला राहाव्यात. ते त्यांच्या बाजूने रास्त आहे. गंज काढायला चिंच चांगली, असं कोणीतरी सांगितल्यापासून वरणात चिंच पडलेली नाही. लिंबाचं तेच. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून जिभाऊ डिझेल वापरतात, आणि ते ज्या पातेल्यात ओतलेलं असतं त्या पातेल्यात पूर्वी आमरस होत असे. आणि वरवंट्याचं प्रकरण तर आख्ख्या गल्लीला माहीत आहे.

प्रकरण असं. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, मधल्या आक्सलला धरून ठेवते ती कॉटर. करंगळीएवढी पोलादी पाचर. तिची एक बाजू कानशीने सपाट केलेली असते, आणि ती आक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. बसवताना दोन ठोके. काढताना मात्र, मधे सत्तर पावसाळे गेलेले असले तर, क्रँक, कॉटर आणि आक्सल एकजीव झालेले असतात. नुसता हातोडा घातला तर कॉटरचे आटे बसतात, मग तिला ना पुढे ना मागे. म्हणून नट शेवटच्या आट्यापर्यंत ढिला करून तसाच ठेवायचा, म्हणजे ठोका नटावर पडतो आणि आटे वाचतात. क्रँकखाली भक्कम आधार हवा, नाहीतर तो ठोका आतल्या छर्ऱ्यांना बसतो. आधार म्हणून जिभाऊंनी वहिनींचा वरवंटा उभा केला. मला फ्रेम धरायला लावलं. चैत्रातली दुपार, बाहेर पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आख्खी कॉलनी पंख्याखाली आडवी.

"धर. हलू देऊ नको."

ठण्ण. शेजारच्या घरातलं पोर रडायला लागलं. ठण्ण. वरच्या मजल्यावरून कोणीतरी "काय चाललंय काय?" ठण्ण. जिभाऊंनी वाकून बघितलं, डिझेलचे दोन थेंब सोडले, पाच मिनिटं घड्याळ लावून थांबले, पुन्हा हातोडा उचलला. चौथ्या की पाचव्या ठोक्याला आवाज बदलला. घट्ट ठण्ण जाऊन एक पोकळ टक् आला. "निंघनी रे, निंघनी!" जिभाऊ ओरडले. कॉटर खाली घरंगळली, आणि तिच्यामागोमाग वरवंट्याचा एक टवकाही. पहिलटकरणीची सुटका झाल्याचं दवाखान्याच्या दारात कळावं तसे जिभाऊ घामाने निथळत हसत होते. त्यांनी खरोखरच पेढे आणायला पोराला पिटाळलं. वहिनी बाहेर आल्या, त्यांनी वरवंट्याकडे बघितलं, आणि पेढा न घेता आत गेल्या. रजिस्टरात नोंद आहे: 'डावी कॉटर निघाली. वरवंटा: नुकसान किरकोळ.'

मधल्या आक्सलभोवती पाव इंची छर्रे असतात, एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. जिभाऊंनी ते ताटलीत काढले, मोजले, एकवीस भरले. पुन्हा मोजले. हिशेब खात्यातला माणूस. एकाची तफावत म्हणजे काय, हे त्याला झोपेतही कळतं. त्या संध्याकाळी फ्रीज हलवला गेला, पलंग हलवला गेला, नातवाला उलटं करून हलवण्याचा विचारही बोलून दाखवला गेला. दुकानात नवा छर्रा दोन-तीन रुपयांना मिळतो, असं मी म्हणालो. "पण तो ओरिजनल नाही ना!" तीन दिवसांनी वहिनी तूरडाळ निवडत होत्या. त्यांनी न बोलता बोटाच्या चिमटीत धरून छर्रा पुढे केला. जिभाऊंच्या चेहऱ्यावर काय कृतज्ञता! मला वाटतं लग्नात सुद्धा त्यांनी वहिनींकडे तसं बघितलं नसेल.

एवढं झाल्यावर कळलं की छर्रे ज्यात फिरतात तो डावा कप झिजलाय. आणि इथे रॅलेने सगळ्या जगाशी मांडलेला उभा दावा सुरू होतो. बाकी सायकलींच्या मधल्या कपाला इंचाला २४ आटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेला २६. का, तर कारखाना मोठा, स्वतःचं सगळं स्वतः करणारा. त्यांनी आपले आटे आपले ठेवले. लुधियानाचा कप दोन फेरे छान जातो आणि मग अडतो. जिभाऊंनी त्या कपासाठी जळगाव, भुसावळ, धुळे सगळं पालथं घातलं. धुळ्याच्या आग्रा रोडवरून सुरुवात करून नंबरांच्या गल्ल्या एक-एक करून झाल्या, पुढे मालेगावपर्यंत भंगारवाले झाले. प्रत्येक ठिकाणी गळ्यात अडकवलेलं आट्यांचं गेज काढायचं, लावून बघायचं, मान हलवायची, चहा प्यायचा. आणि दुकानदार कितीही घाईत असो, तो चहा पाजतोच. कारण जिभाऊ दुकानात आले की म्हातारा मिस्त्री आतून उठून बाहेर येतो, आणि मग भाड्याच्या सायकली, तासाचे पैसे, दिव्याशिवाय रात्री फिरणाऱ्याला आणि डबलसीटवाल्याला धरणारे पोलीस, पालिकेचा कर भरल्याचा पितळी बिल्ला, असं करत करत दुपार होते. असा एक बिल्ला त्यांना धुळ्यात भेट मिळाला. हँडलला लावायचा आहे. "कर भरेल शे," म्हणतात.

जळगाव सोन्याचं गाव. हेडवरचा पितळी बगळा काळा पडला होता. जिभाऊ तो रुमालात बांधून सराफ बाजारातल्या पॉलिशच्या कारागिराकडे गेले. बाकड्यावर बायका पाटल्या-पोती घेऊन बसलेल्या. जिभाऊंनी नंबर लावला, रुमालाची गाठ सोडली. कारागिराने वस्तू उलटीपालटी केली. "काका, पितळ आहे."

"माहीत आहे. जपून धुवा."

त्याने रिठ्याच्या पाण्यात टाकला, बारीक ब्रशने घासला, आणि बगळ्याचा डोळा चमकल्यावर स्वतःच थबकला. त्याच्या आजोबांकडे हीच सायकल होती म्हणे. मग तो बोलत सुटला. पाटल्यावाल्या बायका खोळंबल्या, त्यातली एक म्हणाली, आमच्या असोद्यालाही होती एक. पैसे घेतले नाहीत. जिभाऊंनी तरी वजन करून चिठ्ठी मागितलीच, रजिस्टरला लावायला.

रंगाचं काम महामार्गावरच्या एका ट्रक पेंटरने केलं. काळ्यावर सोनेरी रेघ पट्टीने नाही ओढता येत. त्याने लांब केसांचा ब्रश घेतला, करंगळी नळीवर टेकवली, श्वास रोखला आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ आली. मी आजवर इतकी सरळ रेघ बघितली नाही. जिभाऊ गहिवरून घरात पाणी आणायला गेले. तेवढ्यात पेंटरचा हात सवयीने चालूच राहिला आणि नळीवर 'एकवीरा माता प्रसन्न' उमटलं, दोन्ही बाजूंना कमळासह. जिभाऊ तांब्या घेऊन उभे. ओरिजनल रॅलेवर कमळ! खोडा म्हणावं, तर देवपूरची एकवीरा त्यांचं कुलदैवत. बराच वेळ ते नळीकडे आणि पेंटरकडे बघत राहिले. शेरा असा आहे: 'ओरिजनल नाही. परंतु कायम.'

पहाटे मेहरूण तलावाला चकरा मारणारी हेल्मेटवाली पोरं आहेत. त्यांच्या सायकली कार्बनच्या, वजन आठ-नऊ किलो. त्यातला एक जिभाऊंचा पुतण्या. जिभाऊंनी त्याची सायकल एका हाताने उचलली, इकडे-तिकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताने स्वतःची जड पोलादी फ्रेम दाखवत म्हणाले, "वजन नही त माल नही." पुतण्याने एकदा मोबाइलवर इटलीतली एरोइका दाखवली. टस्कनीत १९९७ पासून भरते, १९८७ च्या आधीच्या पोलादी सायकली घेऊन लोक कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून दिवसभर दामटतात. जिभाऊंनी सगळं लक्ष देऊन बघितलं. कच्चा रस्ता बघून म्हणाले, आपला धुळ्याचा रस्ता पुष्कळ वर्षं असाच होता. मग मुद्द्यावर आले: "जेवाले काय देतस?"

पुण्याला साडूच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हाचं मी सांगत नाही; वहिनी अजून त्या विषयावर बोलू देत नाहीत. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातली पॅराशूटवाल्या सैनिकांची घडीची बीएसए सायकल बघायला मिळते, आणि अक्षता पडल्या तेव्हा जिभाऊ कार्यालयात नव्हते, एवढं पुरे.

अॅटलासला त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली. "सोनीपतचा पत्रा," म्हणायचे. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना थांबल्याची बातमी आली. लॉकडाऊनचे दिवस. जिभाऊ त्या दिवशी रॅलेकडे फिरकले नाहीत. समोरच्या वॉचमनची अॅटलास अंगणात आणून उलटी केली, चेन धुतली, दोन्ही चाकांचा आऊट काढला, ग्रीस भरलं. रजिस्टरात त्याची नोंद नाही.

मी एकदा वहिनींना म्हणालो, "ही सायकल झाली एकदाची, की सुटाल तुम्ही." वहिनी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "झाली, की हे दुपारचे कुठे बसतील? माझ्या स्वयंपाकघरात. आणि मग माझी फणी, माझा कुकर आणि माझे डबे ओरिजनल आहेत का बघतील. चालू द्या ते चाललंय ते."

तर सध्या बाकी आहे तो पार्ट म्हणजे २६ आट्यांचा डावा कप. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, गोठ्यात, धान्याच्या कोठीमागे आजोबांची रॅले पडली असेल, तर कृपा करून भंगारवाल्याला किलोवर घालू नका. जिभाऊ दुपारी तीन ते सहा अंगणातच असतात, चहा मिळेल. फक्त कप सापडला तरी लगेच घेऊन येऊ नका. दसरा होऊ द्या, असा वहिनींचा निरोप आहे.